दोन वीत, अण्णांच्या मापानं

अण्णा गेले हे मला परागनं सांगितलं. याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि हा लेख संपेपर्यंत करीन असंही वाटत नाही. दुपारचे तीन वाजले होते. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, हातात खळीचा डबा घेऊन मी पत्रकं चिकटवत होते. फोनवर त्याचं नाव दिसलं म्हणून दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला तर म्हणाला, "रेवती... तू अण्णांकडे ये ना. लवकर ये." अण्णांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. मी दहा मिनिटांवर, आणि हा बेळ्ळंदूरचा माणूस रिंग रोडची सगळी गर्दी तुडवून, अर्धं शहर ओलांडून माझ्या आधी त्या घरात पोचलेला! मी गेले तेव्हा अण्णा त्यांच्या वेताच्या खुर्चीत होते, जेवणानंतर डोळा लागावा तसे. मामी परागचा हात धरून बसली होती. त्याचा. माझा हात खळीनं माखलेला होता हे खरं, पण तिनं माझ्याकडे बघायच्या आधीच त्याचा धरला होता.

सहा आठवडे झाले. तळी वाचवणाऱ्या आमच्या मंडळाच्या वार्तापत्रात त्यांच्यावर चौकट आली, 'तळ्याचे शांत उपासक' म्हणून. कोण शांत? जन्मभर लेथच्या आवाजात उभा राहिलेला माणूस शांत बोलूच शकत नाही. आणि उपासक तर मुळीच नाही. अण्णा तळ्यावर मासे धरायचे. कटला, रोहू, जिलेबी मासा. पूजेला नाही, विकायला आणि खायला. माणूस गेला की त्याला लगेच धुऊन-पुसून फ्रेममध्ये बसवायची ही जी घाई आहे ना, तिच्याविरुद्ध खरं तर एक पत्रक काढायला हवं. पण पत्रकांचं नाव मी या लेखात जपूनच घेतलेलं बरं. का, ते पुढे येईल.

अण्णा माझे मामा. आमच्यासारख्या, बंगळूरमध्ये किती पिढ्या झाल्या हे कुणाला नीट सांगता न येणाऱ्या मराठी घरांत मामाला अण्णा म्हटलं तरी कुणी चकित होत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावल्यावर दोन्ही. अण्णा एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. जे. पी. नगरच्या पुढच्या आमच्या तळ्यावर मासेमारीचा परवाना असलेल्या मुनियप्पाबरोबर भागीत एक जुनी फायबरची बोट घेतली. आणि घरातली मोजायची टेप शेजाऱ्याला देऊन टाकली. "सगळा जन्म केसाच्या जाडीचा हिशेब ठेवला," ते म्हणाले, "आता कुणी माझ्या हातात टेप दिली तर तळ्यात टाकीन. तळ्यावर वीत पुरे."

पण लेथनं त्यांची बोटं आखडून टाकली होती. पंजा पुरता उघडायचाच नाही. मग हाक यायची, "पुट्टी, हात दे." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी, चिमुकली. मी तेव्हा अकरा वर्षांची, दर रविवारी त्यांच्या शेपटीसारखी तळ्यावर. बोटीतल्या बाकाची रुंदी, जाळ्याच्या दोरीचं अंतर, शेडच्या फळीची लांबी, सगळं माझ्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मामीच्या स्वयंपाकघरातली मांडणीसुद्धा माझ्या पाच वितींची आहे. माझा हात वाढायचा तशी मापं बदलायची आणि मुनियप्पा वैतागायचा. चौदाव्या वर्षानंतर हात वाढायचा थांबला. अण्णांनी माझा पंजा उताणा धरून कारखान्यातल्या साहेबासारखं तपासून जाहीर केलं, "माप पक्कं झालं." आमच्या घरात त्यानंतर 'वीत' म्हटलं की कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

बोटीत माझी जागा पुढे, टोकाला. मधे जाळी घेऊन मुनियप्पा, मागे मोटरच्या हँडलवर अण्णा. तळ्यात जलपर्णी इतकी की वल्ह्यानं बोट रेटताना मुनियप्पाचा खांदा कायमचा निखळल्यासारखा झाला होता, म्हणून ती मोटर. ती सेकंडहँड, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजावं लागणारी. तिला आम्ही अज्जी म्हणायचो, कारण ती सुरू होण्याआधी पाच मिनिटं खोकायची. जलपर्णीचे देठ पंख्याला गुंडाळले की आतली पितळी पिन तुटायची आणि अण्णा खिशातल्या डबीतून दुसरी काढायचे. माझं काम एकच. पुढे पान दिसलं की ओरडायचं, "बलगडे!" म्हणजे उजवीकडे. नाहीतर "एडगडे!" म्हणजे डावीकडे. अज्जीच्या खोकल्यात त्यांचं उत्तर मला ऐकू यायचं नाही, म्हणून ते बोटीच्या कडेवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे. टक टक. ऐकलं. फायबरमधून तो ठोका माझ्या बसकणीपर्यंत यायचा. मी मागे वळून बघितलंय असं मला आठवत नाही. गरजच नव्हती.

मग मी कॉलेजात गेले, तळी वाचवणाऱ्या मंडळींत शिरले आणि पत्रकं लिहायला शिकले. पत्रक लिहायला शिकणं म्हणजे काय, तर प्रत्येक वाक्याला मूठ आवळायला शिकवणं. माझं पहिलंच पत्रक तळ्यात पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींविरुद्ध होतं. होय, आमच्याही. ते मी अण्णांना अभिमानानं नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचलं, आणि परत देताना म्हणाले, "'विष' हा शब्द चारदा आलाय. एकदा पुरे. चारदा विष पाजलं तर तिसऱ्यांदा माणसाला सवय होते."

"आणि मुद्दा?"

"मुद्दा बरोबर आहे की. अज्जी पाण्यावर तेल सोडते, मला काय दिसत नाही? पण अज्जी मरेपर्यंत मी तिला सोडायचा नाही."

गेल्या वर्षी अज्जी मेली. पिस्टन धरला तो सुटलाच नाही. मी मनातून खूश झाले. आता माझी पाळी होती. मी चार पानांचं टिपण केलं. बॅटरीवर चालणारी मोटर का घ्यावी, धूर नाही, तेल नाही, आवाज नाही, जलपर्णीत न अडकणारा पंखा. आकृत्यांसह. अण्णांना नेऊन दिलं. ते म्हणाले, "सरी, बरं. वाचतो." मला वाटलं, झालं. बोटीची नवी मोटर मी निवडली.

आता परागबद्दल. पराग नागपूरचा. बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत राहतो, तसल्याच दुसऱ्या उंच इमारतीत कॉम्प्युटरवर काम करतो. जलपर्णी काढायच्या आमच्या एका शनिवारी तो आला. पांढरे बूट घालून! चिखलात पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मी म्हटलं, हा पुन्हा यायचा नाही. तो पुढच्या शनिवारी आला. त्याच बुटांत. अण्णा अज्जीची शेवटची दुरुस्ती करत बसले होते, तर हा शेजारी उकिडवा बसून म्हणतो, "अण्णा, हे पिन मुद्दाम कच्ची ठेवतात का?"

अण्णांनी मान वर केली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर हजार पिना तुटल्या होत्या. हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

"मुद्दाम," अण्णा म्हणाले. "पंखा अडकला तर काहीतरी तुटायलाच हवं. स्वस्तातलं तुटावं, महागातलं वाचावं. म्हणून पिन पितळेची."

"वा! म्हणजे पिन तुटून राहिली म्हणून मोटर जगून राहिली."

अण्णा हसले. असे हसले की मुनियप्पानं जाळं खाली ठेवून बघितलं. त्यात हसण्यासारखं काय होतं? मला आजही कळलेलं नाही. पण त्यानंतर दर शनिवारी पराग, पराग, पराग. परागनं संत्रा बर्फी आणली. परागला मामीनं जेवायला घातलं. पराग पुढे बसला, माझ्या जागेवर, कारण मी त्या दिवशी बैठकीला गेले होते. त्याला डावं-उजवं कन्नडमधून येत नव्हतं तर तो म्हणे नुसता हात हलवायचा, आणि बोट तीनदा जलपर्णीत घुसली. हे मला अण्णांनी कौतुकानं सांगितलं! मी घुसवली असती तर?

लोक म्हणतील, मरणोत्तर लेखात मत्सर कसला लिहितेस. लिहिते. दु:ख सगळेच लिहितात, पण दु:खाच्या आत जे टोचत असतं त्याचं नावही घ्यायला नको का? मला त्या माणसाचा मत्सर वाटत होता. शहरात येऊन चार वर्षं झालेली, ना तळं माहीत ना भाषा, आणि माझ्या मामाच्या शेजारची उकिडवं बसायची जागा त्यानं एका प्रश्नात मिळवली. माझ्याकडे उत्तरं होती. चार पानं उत्तरं होती...

एका दुपारी तळ्यावर गेले तर मुनियप्पा म्हणाला, आमच्यात बोलणं कन्नडमधून चालतं, "अण्णांची नवी मोटर ठरली की. छोटी, फोर-स्ट्रोक. पेट्रोलचीच, पण तेल मिसळायला लागत नाही. ते आणि तो पुण्याचा मुलगा मार्केटमागच्या दुकानात जाऊन पसंत करून आले."

"नागपूरचा," मी म्हटलं.

तिथून मेट्रोनं सरळ मल्लेश्वरम. दारातच अण्णांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. गुडघा दुखत होता म्हणून ते घरीच होते आणि दुकानात मोटर येऊन पडली होती ती आणायला पराग एकटा जाणार होता. अण्णा त्याला सांगत होते, "दुकानदार विचारेल, बोटीची मागची फळी किती उंच. दोन वीत म्हणून सांग. पंख्याचा शाफ्ट तेवढाच लांब बघून आण. सावकाश ये हां, पुट्टा."

पुट्टा. मी ऐकलं. पुट्टीचं पुल्लिंगी रूप करून त्यांनी ते त्याला देऊन टाकलं होतं. फोन ठेवून ते वळले तर मी समोर.

"काय ग पुट्टी, अशी वाऱ्यासारखी?"

"मला का नाही विचारलंत?"

"तू चार पानं दिलीस की. वाचली ना मी."

"वाचून पेट्रोलची घेतलीत? त्याच्या सांगण्यावरून?"

"तो काही सांगत नाही ग. तो नुसता..." अण्णा थांबले. "स्वल्प थांब. बस तरी. कॉफी घे, मग सांगतो."

मी थांबले नाही. बैठकीत समोरच्याला बोलू न देण्याची मला सवय आहे, आणि ती मी अभिमानानं कमावलेली आहे. मी म्हटलं, "माझ्या टिपणाचं काय करायचं ते करा. आणि आता त्यालाच पुट्टा म्हणत बसा. तोच बसेल तुमच्या बोटीत पुढे." अण्णा आखडलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळत राहिले. आतून मामी म्हणाली, "अग, कॉफी उकळतेय..." तोवर मी जिना उतरले होते.

चार दिवसांत मी पत्रक काढलं. चांगलं झालं होतं. एका पानाचं, वर फोटो: तळ्याच्या पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग, त्यात एक छोटी बोट, बोटीत पाठमोरा म्हातारा माणूस. फोटो मीच दोन वर्षांपूर्वी काढला होता, प्रेमानं काढला होता. तळ्यावर येणाऱ्या कुणालाही ती पाठ कुणाची हे सांगावं लागलं नसतं. पत्रक झाडांवर, शेडवर, बांधाच्या फाटकावर लागलं. तळ्याच्या समितीनं लगेच ठरवलं की पुढच्या बैठकीपर्यंत कुठलीही मोटर पाण्यात उतरवायची नाही. मुनियप्पानं पुन्हा वल्हं उचललं, त्याच खांद्यानं. आणि अण्णांच्या घरी नव्या मोटरचं खोकं न उघडता कोपऱ्यात उभं राहिलं.

माझं मत तेव्हा जे होतं ते आजही आहे. पत्रकातलं एक वाक्य खोटं नव्हतं. फक्त, ते पत्रक मी तळ्यासाठी काढलं नव्हतं.

तीन आठवडे मी त्या गल्लीत वळले नाही. शेजारच्या क्रॉसवर पत्रकं चिकटवली, पण वळले नाही. मला वाटायचं, आधी अण्णांनी फोन करावा. त्यांनाही बहुधा... आता त्यांना काय वाटत होतं हे मी ठरवणं बरं नाही. अण्णा गेले त्या दुपारी पराग त्यांना पितळी पिना द्यायला गेला होता. नव्या मोटरच्या. कुठल्याशा वर्कशॉपमधून त्यानं त्या करून आणल्या होत्या.

तेराव्यानंतर मामीनं मला आत बोलावलं. खोकं अजून तिथंच होतं, सुतळीनं बांधलेलं, आणि सुतळीखाली खोचलेले कागद. माझी चार पानं, आणि ते पत्रक. टिपणाच्या समासात पेन्सिल. 'बॅटरी बांधावरून रोज कोण नेणार? मुनियप्पाचा खांदा?' पुढे, 'शेडला वीज नाही. पुट्टी विसरली.' विसरले होते. खरंच विसरले होते! दहा वर्षं ज्या शेडमध्ये मी अंधार पडायच्या आत जाळी गोळा केली तिथं वीज नाही, हे माझ्या टिपणात नव्हतं. शेवटच्या पानावर, 'बाकी सगळं बरोबर. शेडला वीज आली की हीच घ्यायची.' आणि पत्रकावर, पाठमोऱ्या फोटोखाली, एका शब्दाभोवती गोल. 'विष.' शेजारी बारीक अक्षरात, 'एकदाच. आता जमलं.'

मामी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मी त्यांना विचारलं होतं, तिला का नाही नेलंत दुकानात. तर म्हणाले, तिला विचारलं की ती उत्तर देते. मला अजून प्रश्नच कळला नव्हता ग, म्हणाले. त्या मुलाला घेऊन गेलो की तो सगळं विचारतो, मग माझं मलाच कळतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "दुखलं ना तुला? मलाही दुखायचं. माझ्याशी कुठं एवढं बोलायचे?"

समितीच्या बैठकीत मी उभी राहिले. मग सांगितलं, की फोटो माझा आहे, बोट माझ्या मामांची आहे, फोटोतली मोटर कधीच भंगारात गेली आहे आणि हे मला पत्रक काढताना माहीत होतं. तेल मिसळणारी मोटर तळ्यात नकोच. पण ही नवी तशी नाही. शेडला वीज मिळेपर्यंत ती मासेमारीला आणि जलपर्णी काढायला चालू द्या, आणि वीज कधी देता ते आजच सांगा. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, कळेद सल बेडा अंद्री, ईग बेकु अंतीरा?" मागच्या वेळी नको म्हणालात, आता हवं म्हणता? सगळे हसले. मी म्हटलं, होय, म्हणते. परवानगी मिळाली. विजेचा अर्जही घेतला त्यांनी, आणि तो मी सोडणार नाही.

मग एका शनिवारी सकाळी आम्ही तिघं शेडमध्ये. मी, मुनियप्पा आणि पराग. खोकं पराग उचलून घेऊन आला होता. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. सुतळी कापली, मोटर निघाली, चकचकीत, लहानशी, मुनियप्पानं तिला "गोंबे" म्हटलं, म्हणजे बाहुली. बोट पाण्याच्या काठाशी ओढून मागच्या फळीवर ती अडकवली, स्क्रू आवळले, आणि मुनियप्पा खाली वाकून बघत राहिला.

"लांब आहे," तो म्हणाला. "पंखा फार खाली जातो. आपल्या उथळ तळ्यात नुसता चिखल ढवळेल."

परागचा चेहरा उतरला. "असं कसं? अण्णा तं दोन वीत म्हणाले होते. दुकानदारानं टेप काढली तर मी म्हटलं टेप नको, अण्णांचं माप वितीचं आहे. मी काउंटरवर स्वतः मोजून दाखवलं ना!"

"कुणाच्या वितीनं?" मी विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? वीत म्हणजे वीत. माझ्या."

त्यानं बोटीच्या मागच्या फळीवर पंजा ठेवला. मोठा, लांब बोटांचा पंजा. एक वीत झाली, दुसरी अर्ध्यातच संपली, बोटं फळीच्या वर हवेत. मग मी माझा हात ठेवला. एक. करंगळीच्या जागी अंगठा. दोन. करंगळी बरोबर फळीच्या कडेवर. केसाचाही फरक नाही.

मुनियप्पा हसायला लागला, डोळे पुसत हसायला लागला. "अरे, अण्णांची वीत म्हणजे पुट्टीची वीत. सगळ्या तळ्याला माहीत आहे."

काय वाटलं ते सांगते. आधी आनंद झाला. स्वच्छ, दुष्ट आनंद. पुट्टा म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, माप माझं होतं! त्याच्याशी फोनवर बोलतानासुद्धा त्यांच्या मनात हात माझा होता, आणि ते त्याला सांगायला हवं हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग कळलं की हे मी ज्यांना ऐकवणार होते ते खुर्चीत नाहीत. त्यांनी हे खोकं वेळेवर उघडलं असतं तर एका नजरेत चूक ओळखली असती, आणि मला फोन केला असता. "पुट्टी, हात दे." करावाच लागला असता. खोकं उघडलं नाही, कारण माझं पत्रक.

मी तिथंच फळीला धरून बसले. पराग शेजारी उकिडवा बसला, तसाच, बुटांसकट चिखलात. मग म्हणाला, "मला तं ते कधी विचारायचेच नाहीत काही. मीच विचारून राहिलो होतो. तुझ्याबद्दल मात्र स्वतःहून सांगायचे. तुझं ते विषवालं पत्रक मला पाठ आहे, माहीत आहे? दर वेळी ऐकवायचे. मला राग यायचा तुझा."

हा माझा मत्सर करत होता! मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

दुकानदार म्हणाला, खोकं उघडलंय, आता बदलून मिळणार नाही. शाफ्ट कमी करता येत नाही, तेव्हा फळी उंच करायची, असं मुनियप्पानं ठरवलं. त्यासाठी जाड, मुरलेलं लाकूड हवं. मामीनं न विचारता अण्णांचा जेवायचा पाट आणून दिला. फणसाचा, मधे बसून बसून खोलगट झालेला. मी म्हटलं, "मामी, हा नको." ती म्हणाली, "भिंतीला टेकवून रोज त्याच्याकडे बघू का? त्यांना बसायला बोटीतच आवडायचं. घेऊन जा." परागनं करवत धरली. किती कापायचं म्हणून त्यानं सवयीनं खिशातून टेप काढली, माझ्याकडे बघितलं, आणि परत खिशात ठेवली. मी पाटावर हात ठेवला.

गेल्या शनिवारी मोटर पहिल्यांदा पाण्यात उतरली. मुनियप्पाला मधे जाळी सांभाळायची होती, म्हणून मागे हँडलवर पराग. मी पुढे. ही मोटर खोकत नाही, नुसती गुणगुणते, त्यामुळे मागचं सगळं ऐकू येतं, मुनियप्पाचं पुटपुटणंसुद्धा. बोलून उत्तर देता आलं असतं. काठापासून थोडं आत गेलो तर समोर जलपर्णीचा मोठा पट्टा आला. मी ओरडले, "बलगडे!"

टक टक.

फायबरमधून, बसकणीपर्यंत. पेरानं, दोनदा. अण्णांनी हे त्याला शिकवलं होतं. कधी? कुठल्या शनिवारी? माझी खूण, माझी एकटीची, आणि ती त्यांनी या पांढऱ्या बुटांच्या माणसाला देऊन टाकली होती... अंगाचा तिळपापड झाला. आता वळून चार शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं, तर उजव्या अंगाला एक दोरी आणि तिच्यावर पाच-सहा पानं तरंगत आली, पंख्यात अडकलीच असती.

"एडगडे!"

टक टक.

बोट डावीकडे वळली. मी मागे वळून बघितलं नाही.